खड्डा सोयऱ्यांनी खणायचा

घनश्यामनं खाकी सदरा नोकरी लागायच्या आधीच शिवून आणला. कारंज्याच्या शिंप्यानं त्याच्या खांद्यावर पट्ट्या लावल्या, छातीवर झाकणाचे दोन खिसे लावले आणि 'कोणत्या खात्याचा?' असं विचारलं, तर हा म्हणाला, "खात्याचं नाव आजून आलं नाई, पण खातं मोठं हाये." शिंप्यानं खात्याच्या मोठेपणाप्रमाणे शिलाई लावली.

आता तीन दिवस झाले, सदरा खुंटीवर टांगलेला होता. त्याची बायको कोकिळा येता-जाता सदऱ्यावरची धूळ झटकायची. इतक्या मायेनं तिनं नवऱ्याला कधी झटकलं नव्हतं. त्याच्या आईनं, रामबाईनं मात्र त्या खुंटीकडे पाठ केली होती. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, त्यातला काडीकचरा निवडत ती बसली होती, आणि हात चालत होते तितकंच तोंडही.

"तुह्या बापाची पाटीलकी सरकारनं खाल्ली. आता तुले सरकारचं उष्टं राखाची हौस आली."

"उष्टं नोहे, माय. माती हाये."

"माती? आपल्या सालईदऱ्यात मातीचा दुष्काळ पडला का?"

घनश्यामनं कपाळावर हात मारला. गेल्या महिन्यापासून तो आईला समजावून थकला होता. मुंबईच्या बाजूला सरकारनं काहीतरी नवं आरंभलं होतं. एका जातीची माती आणायची, तिच्यातून ताकद काढायची आणि मग उरायचा तो चोथा. हा चोथा दिसायला साधा, पण त्यातून डोळ्यांना न दिसणारी किरणं निघतात म्हणे, आणि ती अंगात गेली की माणूस आतून सडतो. तेव्हा तो वस्तीपासून दूर, घट्ट जमिनीत, चार पुरुष खोल पुरायचा. तशी जमीन शोधत मुंबईचा एक साहेब टकटक वाजणारी पेटी घेऊन जिल्हाभर फिरला, आणि फिरत फिरत नेमका सालईदऱ्याच्या खोलपटात येऊन थांबला. खोलपट म्हणजे गावामागची बशीसारखी खोलगट पडीक जागा. तिथं खड्डा झाला की त्याला राखणदार लागणार, आणि तो राखणदार घनश्याम. महिन्याला पगार, वर्षाला दोन जोड कपडे.

"दीड वर्ष झालं मध्यप्रदेश सोडून मुंबई राज्यात गेलो आपण," रामबाई म्हणाली. "सासरचा पहिला आहेर आला बाप्पा! लुगडं नाई, चोळी नाई, कचरा."

"मी पाटील हावो गावचा. मले वाटते ते मी करीन. आज कागदावर सही करून राह्यलो."

तो सरळ बोलला, म्हणून रामबाईला ते जास्त लागलं. मालगुजारी मोडली आणि घरातली चौकी, तिजोरी, मानाचं आसन सगळं गेलं, तेव्हा हा पोरगा एकवीस वर्षांचा होता. बाप रामाजी पाटील वर्षाभरात गेला, आणि पाटीलकीचं नुसतं नाव याच्या वाट्याला आलं. गावात कोणी विचारत नव्हतं, तहसिलीत कोणी खुर्ची देत नव्हतं. त्या खाकीत पोराला काय दिसतं, हे आईला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच ती भांडत होती.

कारण तिला दुसरंही एक कळत होतं, आणि ते तिला कोणापुढे बोलता येत नव्हतं.

खोलपटाच्या खाली, डोंगर उतरून तासाभराच्या वाटेवर, पांढरझरी गाव होतं. त्या गावाला एकच झरा, आणि त्या झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायांत तिची लेक सखू होती. सखूला सातवा महिना लागला होता. वरच्या खोलपटात काही टाकलं की खाली झऱ्यात ते निघतं, हे जगात जिवंत माणसांपैकी एकट्या रामबाईला ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं, ते मात्र रामाजी पाटलानं मरताना तिचा हात आपल्या छातीवर ठेवून, 'कोणाले सांगू नोको' म्हणून बांधून टाकलं होतं.

तिनं काल एक काम मात्र करून ठेवलं होतं. पांढरझरीला निरोप धाडला होता: उद्या सकाळी सोयऱ्यांनी कुदळी घेऊन यावं, पुरायचं आहे.

*

दहाच्या सुमाराला जीप आली. गावच्या मोहाखाली खाट टाकली, खाटेवर सतरंजी टाकली. तिच्यावर मुंबईचे साहेब बसले. साहेब तरुण होते, उन्हानं त्यांचं नाक सोललं होतं. बाजूला नायब तहसीलदार बापूराव बसले. बापूराव चांगला माणूस, पण दुपारचं जेवण वेळेवर मिळालं नाही की ते सरकार होत.

पुनाजी सगळ्यात पुढे बसला होता. पुनाजी म्हणजे रामबाईचा दीर, गावचा भुमका. देवाचं सगळं त्याच्या हाती. त्याला साहेबांनी देवघरीवर पत्र्याचं छप्पर कबूल केलं होतं, त्यामुळे देवाचा कौल काय येणार हे पुनाजीला आधीच कळलं होतं.

"देव काय म्हणतो, पुनाजी?" बापूरावांनी विचारलं.

"देव खुश हाये सायेब. काल दाणे टाकले, जोडीनं राह्यले. पण जमिनीले पाजा लागन."

"काय पाजायचं?"

पुनाजीनं पदराआडून काढावी तशी धोतराच्या सोग्यातून बाटली काढली. बापूरावांनी झटकन मान फिरवून मोहाच्या शेंड्याकडे पाहिलं. जिल्ह्यात दारूबंदी, आणि बंदीच्या अंमलबजावणीवर गेल्या आठवड्यातच त्यांनी आर्वीला भाषण दिलं होतं.

"ते औषध असेल," ते शेंड्याकडे पाहत म्हणाले.

"हाव सायेब. जमिनीचं औषध."

साहेब हसले. त्यांनी पेटी उघडून टकटक ऐकवली. पेटी देवघरीच्या दगडाजवळ नेली तर थोडी जास्त वाजली. पुनाजीनं ताबडतोब लोटांगण घातलं आणि उठून म्हणाला, "पाहा! मी सांगत नोतो?" साहेब म्हणाले, "काही दगडांत असतं थोडंसं, त्यात विशेष नाही." पण ते कोणी ऐकलं नाही. सरकारच्या पेटीनं देव आहे म्हणून सांगितलं, गावाला तेवढं पुरलं.

मग कागद निघाला. साहेबांनी वाचून दाखवला. केंद्राच्या खात्याला जागा पसंत आहे, राज्य सरकार जमीन देत आहे, आणि मौजे सालईदरा येथील ग्रामस्थांची हरकत नाही. खाली पाटलाची सही, भुमक्याचा अंगठा. घनश्याम सही करायला उठला. त्यानं आज तो सदरा घातला नव्हता, पण घडी करून कोकिळेच्या मांडीवर ठेवला होता.

"थांब," रामबाई म्हणाली.

"माय, आता नोको."

"मी हरकत नाई घेऊन राह्यली बापू. रीत सांगून राह्यली. सायेब, तुमी पुरणार हाये ना?"

"हो, पुरणारच."

"मंग खड्डा कोण खणन?"

"मजूर. कंत्राटदाराचे."

"जमणार नाई." रामबाई पुढे आली आणि बसलीच. "आमच्या भाऊबंदकीत कोणाले पुराचं झालं तं घरच्यानं कुदय मारत नाई. आमी सहा देवांच्या कुळाचे, आमचा खड्डा सात देवांच्या कुळाचे सोयरे खणते. त्याइनं हात लावला नाई तं पुरलेलं थंड होत नाई, वर येते. पुनाजी, खोटं हाये का?"

पुनाजी भुमका होता, आणि भुमक्याला रीत खोटी म्हणता येत नाही, पत्र्याचं छप्पर मिळत असलं तरी. "वयनी बरोबर हाये," तो कुरकुरत म्हणाला.

"अहो पण हे प्रेत नाही!" बापूराव म्हणाले.

"पुराचं तं हाये ना? नाईतर उघड्यावर ठेवा."

साहेबांनी बापूरावांकडे पाहिलं. बापूरावांनी घड्याळाकडे पाहिलं. आणि तेवढ्यात डोंगराच्या वाटेवरून रडण्याचा आवाज आला.

पांढरझरीचे लोक येत होते. पुढे टिकाराम, म्हणजे सखूचा सासरा आणि पांढरझरीचा पाटील, खांद्यावर कुदळ. मागे अकरा माणसं, तीन कुदळी, दोन फावडी, एक नवं कोरं मांजरपाटाचं कापड, आणि त्यांच्या मागे बाया, रीतीप्रमाणे गावाची शीव दिसताच सूर लावून. कोण गेलं ते निरोपात नव्हतं, म्हणून त्यांनी कोणाचं नाव न घेता सगळ्यांसाठी मिळून रडायला सुरुवात केली होती.

सखू बायांत सर्वांत पुढे होती. पोट सांभाळत, पदर तोंडात कोंबून. तिनं मोहाखाली पाहिलं. आई बसलेली. भाऊ उभा. काका बाटली लपवतोय. तिनं एकेकाला मोजलं आणि रडणं जागच्या जागी थांबवलं.

"माय! तू तं जिती हायेस!"

"मंग? तुले वाईट वाटलं का?"

"अव, मी वाटभर ऊर बडवत आली! मले वाटलं भाऊ गेला!" आणि तिनं जाऊन घनश्यामच्या पाठीत एक रट्टा घातला, जिवंत असल्याबद्दल.

टिकारामनं कुदळ खाली टेकवली. तो सावकाश बोलणारा माणूस होता. आजूबाजूच्या पंधरा गावांत त्याच्या शब्दाला मान होता, आणि तो मान त्याला कसा मिळाला ते पुढे येईलच. "इहीनबाई," तो म्हणाला, "कोण गेलं?"

"बसा, इवाई. आजून कोणी गेलं नाई. मुंबईहून येणार हाये."

*

मग मोहाखाली जे झालं त्याला बापूरावांनी नंतर अहवालात 'ग्रामस्थांशी चर्चा' असं लिहिलं. टिकारामला सगळं समजावलं, तेव्हा त्यानं रीतीप्रमाणे प्रश्न विचारायला सुरुवात केली. खणणाऱ्याला हे विचारण्याचा हक्क असतो, आणि मयताच्या घरच्याला उत्तर द्यावं लागतं.

"मयत कोणाच्या घरचं?"

साहेबांनी कागदावरचा शिक्का पाहिला. "सरकारचं म्हणा."

"सरकार कित्या देवांचं?"

बापूराव म्हणाले, "अरे, सरकार निधर्मी आहे!"

"म्हणजे बिनदेवाचं," पुनाजीनं पुटपुटत अर्थ लावला, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा उतरला. बिनदेवाचं मयत आपल्या देवाच्या शेजारी घ्यायचं, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"तेराव्याले जेवाले कोण घालन?"

"सरकारी खर्चात तसा काही हेड नाही," साहेब गंभीरपणे म्हणाले. ते आता चेष्टा करत नव्हते. त्यांनी वही काढली होती.

"वर्सावर्साले दगडावर पाणी कोण घालन?"

"मी घालीन," घनश्याम मध्येच बोलला. "मी राखणदार राहीन. पाणीबी घालीन, शेंदूरबी लावीन. झालं? खणा आता."

"कित्ती वर्सं?" रामबाईनं विचारलं.

"जवापर्यंत लागन तवापर्यंत."

"तुले नाई विचारलं. सायेब, हे तुमची माती थंड व्हाले कित्ती वर्सं लागते?"

साहेबांनी सोललेल्या नाकाला हात लावला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, नोकरी नवीन होती. "पूर्ण थंड व्हायला... काही हजार वर्षं लागतात."

मोहाखाली सगळ्यांनी घनश्यामकडे पाहिलं. मग एक म्हातारा म्हणाला, "घनश्याम, सदरा थोडा ढिला शिवाचा होता गड्या." आणि सगळे हसले. घनश्याम सोडून जवळजवळ सगळे. त्याच्या कानापर्यंत रक्त चढलं. कोकिळेनं सदऱ्याची घडी आणखी घट्ट केली. रामबाईही हसली नाही. तिला तो हशा आपल्याच पोटात लाथ बसल्यासारखा लागला.

पुनाजी मात्र सरळ उठून टिकारामच्या शेजारी जाऊन बसला. "हजार वर्सं मले झेपत नाई," तो म्हणाला. "छप्पर पत्र्याचं हाये. ते दहा वर्सं टिकते."

"काका, तुमी सकाळी हाव म्हणलं!" घनश्याम ओरडला.

"सकाळी देव खुश होता. आता देवाले समजलं."

साहेबांनी हात वर केला. "ऐका. तुमची काळजी खरी आहे. पण ही जमीन मी पंधरा दिवस तपासली आहे. खोलपटात मी खड्डा घेतला, पाणी भरलं. आठ दिवस एक इंचही खाली गेलं नाही, उन्हानं गेलं तेवढंच. काळी चिकण माती आहे, मडक्यासारखी. त्यात पुरलेलं तिथंच राहील, खाली पाझरणार नाही. मी शब्द देतो."

"झालं का?" घनश्याम म्हणाला. "सायेब शिकेल हायेत. आता कोणाले काय बोलाचं हाये?"

टिकारामनं मान हलवली. रीत झाली होती, प्रश्न संपले होते. साहेबानं शब्द दिला होता आणि शब्दापुढे त्याच्याजवळ काही नव्हतं. त्यानं कुदळ उचलली. सखूनं उन्हानं सुकलेले ओठ पुसले आणि वहिनीकडे पाणी मागितलं. कोकिळेनं लोटा दिला. सखू घटाघटा प्याली, आणि तिच्या गळ्यातून खाली जाणारं ते पाणी रामबाईला दिसल्यासारखं झालं.

"पाझरते," ती म्हणाली.

"माय, पुरे आता."

"पाझरते सायेब. तुमी जिथं खणलं तिथं नाई पाझरत. वरच्या अंगाले पळसाखाली शिळा हाये. तिच्याखाली भेग हाये."

"शिळा मी पाहिली. नुसता दगड आहे."

"तो दगड माह्या मालकानं ठेवला." रामबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. नवऱ्याची छाती तिच्या हाताखाली पुन्हा धडधडली. माफ करजो बावा, ती मनात म्हणाली, तुह्यापायी पोरीले जहर नाई पाजत मी. "मोठी लढाई चालू होती तवाची गोष्ट. चैताचा महिना. आबकारीचे शिपाई गावात आले. आमच्या घरी मोहाच्या दारूचे सात मडके तयार होते."

बापूराव पुन्हा मोहाच्या शेंड्याकडे पाहू लागले. आज त्यांची मान दुखणार होती.

"मालकानं अन् म्या ते मडके खोलपटात नेले, अन् भेगीत ओतून देल्ले. सातही. रिकामे मडके बी आत ढकलले, वर शिळा लोटली. शिपायाइले काई गवसलं नाई. आमी म्हणलं, सुटलो." ती थांबली. आता टिकारामकडे पाहायची हिंमत तिला होईना, म्हणून ती सखूकडे पाहून बोलली. "तिसऱ्या दिवशी पांढरझरीचा झरा पावला."

पांढरझरीच्या बायांचे हात सवयीनं जोडले गेले.

झरा पावला ही काही लहान गोष्ट नव्हती. चौदा वर्षांपूर्वी चैत्रातल्या एका सकाळी पांढरझरीच्या झऱ्याला मोहाचा वास आला. पाणी प्यायलेली म्हैस नाचली, एक आजारी म्हातारी उठून बसली आणि गाणं म्हणू लागली. देवीनं स्वतः पाजलं, असं टिकारामनं सांगितलं, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी झऱ्यावर जत्रा भरत होती. पंधरा गावांचे नारळ फुटत होते, आणि पहिला नारळ टिकारामच्या हातून. त्याच झऱ्याच्या पुण्याईवर तो टिकारामचा टिकारामजी झाला होता. सखूचं लग्नही रामाजी पाटलानं त्या पावलेल्या गावात मोठ्या मानानं लावून दिलं होतं, चेहऱ्यावरची रेघ न हलवता.

"खोटं!" घनश्याम पुढे आला. त्याचा आवाज फाटला. "माय, खोटं बोलून राह्यली तू! माह्या नोकरीपायी मेलेल्या बापाले दारूवाला केला? चार मानसाइत? माह्यं काई होऊ देवाचं नाई तुले, काईच!"

"नाई रे बापू..."

"मंग दाखव! दाखव शिळा!"

*

सगळं गाव खोलपटात गेलं. साहेब सर्वांत पुढे, वही हातात. पळसाखालची, चौदा वर्षांत रुतून बसलेली शिळा आठ जणांनी पहार लावून सरकवली. तिला पहिली पहार घनश्यामनंच लावली, आई खोटी ठरावी म्हणून, सगळं बळ लावून.

शिळा सरकली आणि आतून गार हवा आली. भेग हातभर रुंद होती. तोंडाशीच, मातीत अर्धं रुतलेलं एक मडकं होतं, गळ्याला भाजण्याआधी उमटवलेली तीन बोटांची खूण. रामाजी पाटलाच्या घरच्या मडक्यांना असते तीच. घनश्यामनं ती खूण बोटानं पुसून पाहिली. ती पुसली गेली नाही. तो तिथंच उकिडवा बसून राहिला.

साहेबांनी जीपमधला पाण्याचा पिंप मागवला आणि भेगीत ओतला. पिंप रिकामा झाला, आणि भेगेनं ढेकरसुद्धा दिली नाही.

"तिसऱ्या दिवशी म्हणालात?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आनंद होता. शिकलेल्या माणसाला चुकल्याचाही कधी कधी आनंद होतो. "बाई, नक्की तिसऱ्या? वास कुठल्या वेळी आला? झऱ्यावर कोणी चव घेतली होती का?"

सगळे टिकारामकडे वळले. चौदा वर्षांची जत्रा त्याच्या एका शब्दावर उभी होती. तो नाही म्हणाला असता तर मडकं नुसतं मडकंच होतं, कोणाच्याही घरचं. रामबाईनं हात जोडले. "इवाई, तुमचा देव म्या बाटवला. काय दंड असन तो मले करा. पण सांगा."

टिकारामनं कुदळ खांद्यावरून खाली घेतली. घसा साफ केला.

"तिसऱ्या दिवशी. पहाटच्या पारी," तो म्हणाला. "पयली ओंजळ म्या पेली." मग रामबाईकडे न पाहता, "इहीनबाई, पयल्या घोटाले मले समजलं होतं. रामाजीच्या मोहाची चव म्या ओळखणार नाई का? कित्ती वर्सं पेलो मी तुमच्या ओसरीवर. कुठून झिरपलं ते तेवढं आज समजलं."

"अन् तरी जत्रा भरवली?" पुनाजी ओरडला.

"मंग काय आबकारीले सांगू? सोयऱ्याले कैदेत घालू?" टिकाराम पहिल्यांदा चिडला. "देवीचं नाव घेतलं म्हून कोणी वर येऊन पाह्यलं नाई. जत्रा काई म्या भरवली नाई, ते आपोआप भरली!"

रामबाई मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. हसता हसता रडली. चौदा वर्षं दोन्ही घरं एकमेकांचं झाकत बसली होती, आणि एकाला दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं.

"मी यातलं काही ऐकलेलं नाही," बापूराव म्हणाले. "मेलेल्यांवर खटला होत नाही, आणि देवीवर तर होतच नाही. जेवणाचं काय?"

*

जेवण झालं. साहेबांनी खोलपटाचं नाव यादीतून खोडलं. निघताना ते रामबाईपाशी आले. "आम्ही तीन सह्या घेतो," ते म्हणाले. "केंद्राची, राज्याची, गावाची. खालच्या गावाला विचारायचं आमच्या कागदात नव्हतं."

"पेणाऱ्याले विचारा लागते सायेब," रामबाई म्हणाली. "आता कुठी पुराल?"

साहेबांऐवजी बापूरावांनी उत्तर दिलं. पोट भरल्यामुळे ते खुशीत होते. "आहे ना दुसरं नाव. इथून दोन मजलांवर, जंगलात. कोलामांची आठ घरं आहेत फक्त. पाटील नाही, शाळा नाही. हरकत घ्यायला कोणी नाही. सोमवारी जाऊन अंगठे घेऊ." साहेबांनी वही उघडली, मिटली आणि ते जीपमध्ये बसले. जीप धूळ उडवत गेली.

रामबाई मोहाखाली उभी राहिली. सखू वाचली होती. सकाळपासून तिला फक्त तेवढंच हवं होतं, आणि ते मिळालं होतं. पण आठ घरं म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे आठ चुली आल्या, आणि प्रत्येक चुलीपाशी एकेक पोटुशी सखू. जेवलेला घास तिला आता गोड वाटेना.

घनश्याम देवघरीच्या मागे एकटा बसला होता. ते मडकं त्यानं बरोबर आणलं होतं. आई येऊन शेजारी बसली तरी त्यानं मान वर केली नाही.

"नोकरी गेली," तो म्हणाला. "बाप चोर निघाला. गाव हसलं. आजून काई राह्यलं का?"

"राह्यलं," रामबाई म्हणाली. "त्या कोलामाइच्या खाली कोणाचं तरी गाव असन. त्याइचे बी कोणी सोयरे असतीन. सोमवारच्या आत कोणी जाऊन सांगा लागते त्याइले. अंगठा देवाच्या आधी पाणी कुठी निघते ते पाहा म्हणा. भेग पाहा म्हणा."

"मंग पाठव पुनाजी काकाले."

"तो वाटंतच कौल बदलन. हजार वर्सं राखणार होता ना तू? दोन दिवस राख."

घनश्यामनं मडक्याच्या खुणेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मले कोण वयखते तिथं? माह्यं कोण ऐकन?"

रामबाई उठली. घरात गेली. कोकिळेनं सदरा पुन्हा खुंटीला टांगला होता, तो काढून तिनं झटकला आणि आणून त्याच्या मांडीवर टाकला.

"हा घालून जाजो," ती म्हणाली. "खाकीचं सगळेच ऐकते."